नकार द्या, पण कारण दाखवून

प्रति,
अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
हैदराबाद

महोदय,

हे पत्र पुण्याच्या हडपसरमधून लिहीत आहे. इथे गाडीतळावर सोलापूर आणि सासवडचे रस्ते फुटतात. जुनी औद्योगिक वसाहत, मगरपट्टा आणि फुरसुंगीच्या आयटी इमारती, मांजरीचा भाजीबाजार हे सगळे थोड्याच अंतरात आहे. पगारदार, छोटा कारखानदार, भाजीचा व्यापारी आणि कंत्राटी कामगार एकाच रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरसमोर उभे राहतात. कुणाची कंपनीने काढून दिलेली ग्रुप पॉलिसी असते, कुणी स्वतः हप्ता भरून फॅमिली फ्लोटर घेतलेली असते, कुणी आईवडिलांसाठी वेगळी पॉलिसी चालवत असतो. क्लेम नामंजूर झाला की यातल्या प्रत्येकाच्या हातात साधारण एकाच धाटणीचे पत्र पडते: इंग्रजीत, दोन-तीन ओळींचे, एका कलमाचा क्रमांक टाकलेले. माझे म्हणणे या पत्रापुरतेच आहे. विमा कंपनीने प्रत्येक क्लेम मंजूर करावा अशी मागणी मी करत नाही. नकार द्यायचा तर तो कशाच्या आधारावर दिला हे कागदावर, पुराव्यासह आणि पॉलिसीधारकाला वाचता येईल अशा भाषेत दाखवावे, एवढेच मागणे आहे. नकाराविरुद्ध दाद मागण्याची जी व्यवस्था आपण आणि सरकारने मिळून उभी केली आहे, ती या एका कागदावर अडते असे मला वाटते.

प्रश्न किती मोठा आहे हे प्राधिकरणाच्याच २०२३-२४ च्या वार्षिक अहवालातून दिसते. त्या वर्षी आरोग्य विम्याचे सुमारे १.१७ लाख कोटी रुपयांचे दावे कंपन्यांसमोर होते. त्यांपैकी ८३,४९३ कोटी रुपये, म्हणजे ७१ टक्क्यांच्या आसपास रक्कम दिली गेली. १०,९३७ कोटींचे दावे फेटाळले गेले आणि सुमारे १५,१०० कोटी रुपये पॉलिसीच्या अटींचा हवाला देऊन अमान्य झाले. यातला दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आहे, आणि मला तो अधिक महत्त्वाचा वाटतो. क्लेम पूर्ण फेटाळला की माणूस निदान चिडतो, विचारपूस करतो, कुणाला तरी फोन लावतो. बिलातून पंधरा-वीस टक्के रक्कम कापली गेली तर तो तसे काही करत नाही. डिस्चार्जच्या दिवशी रुग्णाला घरी न्यायची घाई असते, टीपीएचे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचे, अंतिम अॅप्रूव्हल आलेले असते, फरकाची रक्कम भरल्याशिवाय गेटपास मिळत नाही. तो कार्ड स्वाइप करतो आणि घर गाठतो. आपला क्लेम अंशतः नाकारला गेला आहे आणि त्याविरुद्धही दाद मागता येते, हे त्याच्या लक्षातही येत नाही. अमान्य झालेल्या रकमेत कपातीचा वाटा मोठा असणार, आणि त्यातली किती योग्य होती हे कधी तपासलेच जात नाही, कारण तपासायला लागणारा तपशील पॉलिसीधारकाकडे पोचत नाही.

नियमांची वाण आहे असेही नाही. नकार कळवायचा तर तो विमा कंपनीनेच, कारण स्पष्ट नमूद करून कळवावा, ही तरतूद २०१६ च्या आरोग्य विमा नियमावलीत होती. २०१९ मध्ये आपण पॉलिसीतील वगळलेल्या बाबींना ठरावीक सांकेतिक क्रमांक दिले, त्यामुळे आधीपासूनच्या आजाराचे कलम कुठल्याही कंपनीच्या पॉलिसीत त्याच क्रमांकाने सापडते. २९ मे २०२४ च्या परिपत्रकाने तर बरीच मजल मारली. कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय, डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत अंतिम मंजुरी, आणि त्यापेक्षा उशीर होऊन रुग्णालयाने जादा पैसे लावले तर ते कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचे. दाव्याची कागदपत्रे रुग्णाकडे न मागता कंपनीने किंवा टीपीएने रुग्णालयाकडून घ्यायची. क्लेम फेटाळण्याआधी दावा पुनरावलोकन समितीची मंजुरी घ्यायची, आणि फेटाळला किंवा कापला तर पॉलिसीच्या विशिष्ट अटींचा उल्लेख करून कळवायचे. या शेवटच्या वाक्यात मला पळवाट दिसते. ‘अटीचा उल्लेख’ म्हणजे कलमाचा क्रमांक टाकणे असा सोयीचा अर्थ कुणालाही काढता येतो. अट कोणती ते कळते, पण ती या रुग्णाला का लागू झाली ते कळत नाही. वाद नेमका या दुसऱ्या प्रश्नाचा असतो.

एक नेहमी घडणारा प्रकार जवळून पाहू. रात्री उशिरा छातीत दुखते म्हणून रुग्णाला दाखल केले जाते. निवासी डॉक्टर केस पेपर भरताना नातेवाइकाला विचारतो, बीपी किती वर्षांपासून आहे? घाबरलेला नातेवाईक म्हणतो, चार-पाच वर्षं झाली असतील. कागदावर लिहिले जाते, ‘के/सी/ओ एचटीएन, ५ वर्षे’, म्हणजे पाच वर्षांपासून उच्च रक्तदाब. पॉलिसी सुरू होऊन चार वर्षे झालेली असतात. आधीच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिने आहे आणि तो संपलेला असतो, पण ६० महिन्यांची मोरेटोरियमची मुदत, जिच्यानंतर फसवणूक सोडून माहिती दडवल्याचे कारण देता येत नाही, अजून पुरी झालेली नसते. मग पत्र येते की प्रस्तावाच्या वेळी महत्त्वाची माहिती दडवली, सबब क्लेम नामंजूर. हा निर्णय कदाचित बरोबर असेल, कदाचित घाईत उच्चारलेल्या एका ‘पाच’ या आकड्यावर उभा असेल. त्या पत्रासोबत केस पेपरचे ते पान जोडलेले असेल, तर कुटुंब दुसऱ्याच दिवशी फॅमिली डॉक्टरकडे जाऊन बीपीची गोळी पहिल्यांदा कधी लिहून दिली ते शोधू शकते, पहिले प्रिस्क्रिप्शन आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र जोडू शकते. पान जोडलेले नसेल, तर आपण काय लपवल्याचा आरोप आहे हेच त्याला कळत नाही. मग ते सगळ्यावर उत्तर देते, आणि जे खोडायला हवे तेवढेच राहून जाते.

कपातीचेही तसेच. एक काल्पनिक बिल घेऊ. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये आहे आणि रुग्ण ८,००० रुपयांच्या खोलीत चार दिवस राहिला. खोलीचे ३२,००० झाले, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर मिळून १,२०,०००, आणि औषधे व तपासण्यांचे ६०,०००. प्रमाणशीर कपात लागू करायची तर खोलीचे २०,००० आणि डॉक्टर-थिएटरचे पाच अष्टमांश, म्हणजे ७५,००० मिळतील. पण प्राधिकरणाने २०२० मध्ये घालून दिलेल्या व्याख्येनुसार औषधे, वापरून टाकायच्या वस्तू, इम्प्लांट आणि तपासण्या या कपातीत येत नाहीत. म्हणून ते ६०,००० प्रमाणाच्या कात्रीत सापडता कामा नयेत. सगळ्याच बिलाला पाच अष्टमांश लावले तर तिथे ३७,५०० होतात आणि रुग्णाचे २२,५०० रुपये जातात. टीपीएच्या पत्रात ‘खोलीभाड्याच्या मर्यादेनुसार प्रमाणशीर कपात’ एवढीच एक ओळ आणि एकच आकडा असेल, तर ही चूक चार्टर्ड अकाउंटंटलाही सापडणार नाही. खर्चाच्या प्रत्येक शीर्षकासमोर किती कापले आणि का, हे लिहिलेले असेल, तर दहावी झालेला मुलगा ती शोधून काढेल.

आता दाद मागण्याच्या पायऱ्या पाहा. पहिली पायरी कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी, त्याने १४ दिवसांत उत्तर द्यायचे असते. आपले ‘बीमा भरोसा’ पोर्टल आहे, १५५२५५ हा टोल-फ्री क्रमांक आहे. कंपनीने नकार कायम ठेवला किंवा महिनाभर उत्तर दिले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. पुण्याचे लोकपाल कार्यालय नारायण पेठेत न. चिं. केळकर रस्त्यावर जीवन दर्शन इमारतीत आहे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, किंबहुना चालतही नाही. २०२१ पासून ऑनलाइन तक्रार आणि व्हिडिओ सुनावणीची सोय आहे, आणि २०२३ पासून ५० लाख रुपयांपर्यंतचे निवाडे देता येतात. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, ग्राहकावर नाही. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तिथेही फी नाही. मात्र क्रम सांभाळावा लागतो, कारण एकदा आयोगात गेले की लोकपाल ते प्रकरण घेत नाही. जिना चांगला आहे, पण त्याच्या प्रत्येक पायरीवर पहिला प्रश्न एकच विचारला जातो: कंपनीने काय कारण दिले? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये एका मालमत्ता विम्याच्या प्रकरणात सांगितले की नकाराच्या पत्रात जे कारण नाही, ते कंपनीला नंतर पुढे करता येणार नाही. एखादे वगळणारे कलम लागू होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची, असे त्याच न्यायालयाच्या २००७ च्या एका निकालात म्हटले आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेत हे पत्रच खटल्याची सीमा आखते. ती सीमा धूसर ठेवण्यात कुणाचा फायदा आहे, हे वेगळे सांगायला नको.

याला पहिला आक्षेप येईल तो फसवणुकीचा, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. खोटी बिले, गरज नसताना ॲडमिट करून घेणे, एजंट आणि रुग्णालय यांची मिलीभगत, प्रस्तावात आजार लपवणे, हे सगळे होते आणि त्याचा भार प्रामाणिक पॉलिसीधारकाच्या हप्त्यावर पडतो. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मधुमेह आणि मूत्रपिंडाचा जुना विकार दडवलेल्या मेडिक्लेम पॉलिसीचा नकार योग्य ठरवला, आणि तो निकाल मला पटतो. पण त्याच न्यायालयाने २०२१ मध्ये उलट बाजूचाही निकाल दिला. परदेश प्रवासाच्या मेडिक्लेममध्ये प्रवाशाने मधुमेह असल्याचे आधीच लिहून दिले होते. अमेरिकेत त्याला हृदयविकाराचा झटका आला आणि कंपनीने आधीच्या आजाराचे कारण देत हात वर केले. माहिती मिळाल्यावर पॉलिसी दिली असेल तर तीच माहिती नंतर नकारासाठी वापरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. आयुर्विम्याच्या एका प्रकरणात, २०१५ मध्ये, पाठीच्या मणक्याचा त्रास सांगितला नव्हता आणि मृत्यू मात्र हृदयविकाराने झाला होता, तिथेही नकार टिकला नाही. या तिन्ही प्रकरणांत काय सांगितले होते, काय दडवले आणि त्याचा दाव्याशी काय संबंध, हे समोर आले म्हणून खऱ्या-खोट्याची निवड झाली. फसवणूक पकडणाऱ्याकडे पुरावा असतो आणि तो दाखवायला त्याची हरकत नसावी. कारण लपवण्याची गरज पडते ती पुरावा कच्चा असताना.

दुसरा आक्षेप कामाच्या बोजाचा. २०२३-२४ मध्ये सुमारे ३.२६ कोटी दावे दाखल झाले. एवढ्यांची सविस्तर पत्रे लिहायची कुणी? पण त्यांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक दावे निकाली निघून पैसे दिले गेले, आणि पूर्ण रक्कम मिळालेल्याला पत्राची गरज नाही. उरलेल्यांपैकी फेटाळलेला प्रत्येक दावा २०२४ च्या नियमानुसार समितीसमोर जायलाच हवा. समितीने कारण न पाहता शिक्का मारला नसेल, तर ते कारण फाइलमध्ये लिहिलेले आहेच, ते फक्त पाठवायचे आहे. कपातीचा हिशेबही सॉफ्टवेअरमध्ये शीर्षकनिहायच होतो. आणि खरोखरच समितीकडे लिखित कारण नसेल, तर ती समिती नेमून काय साधले, हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल.

कुणी म्हणेल की तपासनीसाचा अहवाल उघड केला तर कंपनीची तपासाची पद्धत फुटते. माहिती देणाऱ्याचे नाव झाकता येईल, आणि तपासाची अंतर्गत टिपणेही कुणी मागत नाही. ज्या वैद्यकीय कागदावर नकार उभा आहे, तो कागद मात्र रुग्णाच्याच शरीराचा आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाने मागितल्यावर डॉक्टरने ७२ तासांत कागदपत्रे द्यायची असतात. जो कागद रुग्ण रुग्णालयाकडून हक्काने मिळवू शकतो, तो विमा कंपनीने गोपनीय मानण्याचे कारण नाही. शिवाय कोणता कागद मागायचा हे कळल्याशिवाय त्या ७२ तासांच्या हक्काचा उपयोगही अर्धवटच राहतो.

राहिला भाषेचा मुद्दा. विम्याची परिभाषा इंग्रजीत पक्की झाली आहे, भाषांतरात अर्थ सरकेल आणि नवे वाद होतील, असे सांगितले जाते. ही भीती पूर्ण खोटी नाही. म्हणून वाद झाला तर मूळ इंग्रजी ग्राह्य धरावे, ही अट खुशाल ठेवा. पण प्राधिकरणाने स्वतःच १ जानेवारी २०२४ पासून लागू केलेल्या ग्राहक माहितीपत्रकाबाबत, पॉलिसीधारकाने मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यावे, अशी सोय केली आहे. पॉलिसी विकताना मराठी चालते, मराठी जाहिरातीही भरपूर असतात. मग पैसे नाकारताना मराठी का अडते? ज्या माणसाला वर्षाच्या आत दाद मागायची आहे, त्याचे पहिले काही आठवडे पत्राचा अर्थ लावणारा कुणी शोधण्यातच जातात, आणि ती मुदत मात्र इंग्रजी न येणाऱ्यालाही तेवढीच मोजली जाते.

काही जाणकार विचारतील, लोकपाल फुकट आहे, ग्राहक आयोग आहे, मग आणखी एका कागदाचा एवढा अट्टहास कशाला? त्याचे उत्तर असे की हे दोन्ही उपाय नुकसान झाल्यानंतरचे आहेत आणि आजारी किंवा दुःखातल्या घराने ते वापरायचे आहेत. स्पष्ट पत्रामुळे वाद दोन्ही बाजूंनी कमी होतात. ज्याचा नकार खरोखर योग्य आहे, त्याला ते वाचून कळते आणि तो लोकपालापर्यंत जात नाही. ज्याचा चुकीचा आहे, तो नेमका कागद घेऊन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडेच प्रश्न मिटवू शकतो. कॅशलेस नाकारले म्हणजे क्लेम संपला असे समजणारेही अनेक आहेत. बिल भरून नंतर प्रतिपूर्तीसाठी दावा करता येतो, हे कॅशलेस नाकारणाऱ्या पत्रातच एका ओळीत लिहिले तर त्यांचे पैसे वाचतील. त्या एका ओळीचा खर्च शून्य आहे.

म्हणून माझी विनंती नेमकी आहे. प्राधिकरणाने नकार आणि कपात यांसाठी एक ठरावीक नमुना पत्र अनिवार्य करावे. त्यात कलमाचा सांकेतिक क्रमांक आणि पूर्ण मजकूर असावा. ते कलम या दाव्याला का लागू होते हे दोन-चार साध्या वाक्यांत लिहावे, आणि ज्या कागदावर तो निष्कर्ष आहे त्याची प्रत जोडावी. समितीने निर्णय केव्हा घेतला आणि तो घेणाऱ्यांची पदे कोणती, हे असावे. कपात असेल तर शीर्षकनिहाय तक्ता असावा. शेवटी तक्रार अधिकारी, बीमा भरोसा आणि त्या भागासाठीच्या लोकपालाचा पत्ता मुदतीसह छापावा. हे सर्व पॉलिसीधारकाने निवडलेल्या भाषेत आणि इंग्रजीत, एकाच कागदावर. यातली एखादी गोष्ट नसेल तर नकार दिलाच नाही असे मानून, उशिरासाठी आज लागू असलेले बँक दरापेक्षा दोन टक्के अधिक व्याज कंपनीवर चालू राहावे. लोकपालाचा निवाडा ३० दिवसांत न पाळल्यास दिवसाला ५,००० रुपये दंड आपण ठेवलाच आहे. निवाडा न पाळण्याला दंड लावता येतो, तर निवाड्यापर्यंत जायची वेळ आणणाऱ्या कोऱ्या नकारालाही काही किंमत मोजायला लावणे अशक्य नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. अधिक लोकांनी विमा घ्यावा हा त्यामागचा हेतू उघड आहे, आणि घेतील. हडपसरच्या सोसायट्यांमध्ये नवा विकत घेणारा माणूस आधी शेजाऱ्याला विचारतो, तुमचा क्लेम पास झाला का? शेजाऱ्याने ‘नाही’ म्हटले तरी ‘पण का ते कळले आणि पटले’ असे त्याला सांगता आले, तर विम्यावरचा विश्वास त्यातून वाढेल. नमुना पत्राचा मसुदा आपण पुढच्या परिपत्रकात लोकांच्या हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध करावा, आणि तो मराठीसह सर्व राज्यांच्या भाषांत करावा, ही विनंती.

आपला,
हडपसरमधील एक पॉलिसीधारक